गाडीचं कुठलं काम घरी करायचं आणि कुठलं गॅरेजला द्यायचं, हे मी कसं ठरवतो

मागच्या वर्षी मे महिन्यात सर्व्हिसिंगसाठी फोन केला तर एस्टिमेट आलं ९,६०० रुपयांचं. गाडी २०१६ ची ग्रँड आय टेन, पेट्रोल, ७८ हजार किलोमीटर झालेली, वॉरंटी कधीच संपलेली आणि चालवताना तक्रार काहीच नाही. मी म्हटलं यादी व्हॉट्सॲपवर टाका, आणि रात्री जेवणं झाल्यावर ती घेऊन बसलो. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसी फिल्टर, वायपर ब्लेड, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) क्लीनिंग, इंजिन डिकार्ब (आत साठलेला कार्बन काढणं), एसी डिसइन्फेक्शन, अलाइनमेंट-बॅलन्सिंग, वॉशिंग. दहा कामं. त्यातली तीन मी स्वतः तासाभरात करू शकत होतो, तीन अशी होती की जी माझ्या मॅन्युअलच्या सर्व्हिस शेड्यूलमध्ये नव्हतीच, आणि खरी करून घ्यायची अशी राहिली चार. शेवटी फिल्टर आणि वायपर मिळून १,१५० चे, ऑइल आणि त्याचा फिल्टर १,७५०, आमच्या ओळखीच्या मेकॅनिकची मजुरी ४००, अलाइनमेंट ७००, गाडी घरीच धुतली. ४,००० रुपयांत वर्षाचं काम झालं.

आता हे वाचून सगळंच घरी करायला निघू नका, कारण मी एकदा निघालो होतो आणि ते महागात पडलं, ते पुढे सांगतोच. गेली सात-आठ वर्षं मी थोडं घरी थोडं गॅरेजात असं करतोय आणि कुठली रेघ कुठे मारायची हे आता बऱ्यापैकी पक्कं झालंय, तेच सविस्तर लिहितो.

आधी मॅन्युअल काढा आणि वॉरंटी बघा

डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ते पुस्तक असतं, बहुतेकांनी उघडलेलं नसतं. त्यात मागच्या बाजूला एक तक्ता असतो, किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय तपासायचं आणि काय बदलायचं. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. हा तक्ता मोबाईलवर फोटो काढून ठेवा. गॅरेजवाला जे सांगेल ते आधी या तक्त्यात शोधायचं. नसेल तर त्याला सरळ विचारायचं की गाडीत काय लक्षण दिसतंय म्हणून हे करायचं म्हणता. थ्रॉटल बॉडी साफ करणं हे खरं काम आहे, सिग्नलला उभी असताना गाडी थरथरत असेल, आयडलिंग वरखाली होत असेल तर करावंच, पण गाडी मस्त चालतेय आणि दरवर्षी करतोय याला अर्थ नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर विषय वेगळा. तेव्हा शेड्यूलची सर्व्हिस कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच करा आणि रेकॉर्ड नीट ठेवा, कारण उद्या इंजिन किंवा गिअरबॉक्सचा क्लेम करायची वेळ आली तर पहिला प्रश्न सर्व्हिस हिस्टरीचाच येतो. मारुतीने जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांना ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर अशी वॉरंटी केलीय, एवढ्या मोठ्या संरक्षणाला चार-पाचशे रुपये वाचवायला धक्का लावू नये. वायपर, हवा, काच धुवायचं पाणी हे मात्र वॉरंटीतही बिनधास्त घरी करा.

मग प्रत्येक कामाला तीन प्रश्न

लोक विचारतात हे मला जमेल का. यूट्यूब बघून जवळपास सगळंच जमेल असं वाटतं, त्यामुळे हा प्रश्न काही उपयोगाचा नाही. मी हे तीन विचारतो.

एक, माझ्याकडून चुकलं तर काय होईल? एसी फिल्टर उलटा बसला तर हवा कमी येईल, परत काढून सुलट लावू. ब्रेकचं काम चुकलं तर कात्रजच्या उतारावर पेडल खाली जाईल आणि गाडीत घरची माणसं असतील. दोन्ही कामांचे व्हिडिओ दहाच मिनिटांचे असतात, पण ही दोन कामं एका पारड्यात बसत नाहीत.

दोन, काम नीट झालं की नाही हे मला स्वतःला तपासता येतं का? बल्ब लागला की दिसतो. वायपरने काच पुसली की दिसते. अलाइनमेंट बरोबर झालं का हे मशीनशिवाय मला कळणार नाही.

तीन, लागणारं हत्यार मी परत कधी वापरणार? १० नंबरचा पाना आयुष्यभर लागतो, सस्पेन्शनची स्प्रिंग दाबून धरायचा स्प्रिंग कॉम्प्रेसर एकदाच लागेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर भयंकर असेल तर पुढचे दोन विचारायचेच नाहीत, गाडी गॅरेजला.

रविवारची पंधरा मिनिटं, हे सगळ्यांनी करायचंच

यात पाना हातात घ्यायचा नाही, फक्त बघायचंय, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. महिन्यातून एकदा सकाळी, गाडी थंड असताना, सपाट जागेवर.

डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी मोजायची पट्टी, बाहेर काढा, फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला, काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ असलं पाहिजे. काळपट झालंय म्हणून घाबरू नका, ते काम करतंय म्हणून काळं होतं. पण दुधाच्या चहासारखं, फेसाळ दिसलं तर त्यात कूलंट किंवा पाणी गेलेलं असण्याची शक्यता खूप आहे, मग गाडी स्टार्टसुद्धा करू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) पातळी बाहेरच्या पांढऱ्या टाकीवरून बघायची, रेडिएटरचं झाकण गरम इंजिनवर कधीच उघडायचं नाही, आतलं पाणी प्रेशरखाली असतं आणि ते तोंडावर येतं. थोडं कमी असेल तर त्याच प्रकारचं कूलंट किंवा अडीनडीला डिस्टिल्ड वॉटर टाका, बोअरचं पाणी नको, क्षार जमतात. दर महिन्याला कमी होत असेल तर कुठेतरी गळतंय, टाकत बसू नका, दाखवा.

ब्रेक ऑइल. इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ब्रेक पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो आणि डब्यातली पातळी आपोआप खाली येते. म्हणजे कमी झालेलं ब्रेक ऑइल हा पॅड संपत आल्याचा इशारा असू शकतो, किंवा गळतीचा. तुम्ही वरून टाकून मोकळे झालात की इशाराच पुसला गेला. म्हणून ब्रेक ऑइल मी कधी घरी टॉप-अप करत नाही, पातळी खाली दिसली की पॅड बघायला गाडी नेतो. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि सांडलं तर रंग खातं.

टायर. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पंपावरचा मुलगा सगळ्यांना ३५ मारतो ते ऐकू नका. हवा थंड टायरमध्ये मोजायची. साधा डिजिटल गेज पाचशेच्या आसपास मिळतो, मी तो डॅशबोर्डच्या कप्प्यातच ठेवतो. स्टेपनी पण बघा, हायवेला पंक्चर झाल्यावर स्टेपनी बसलेली निघाली की काय होतं ते ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. टायर फक्त मधे झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला असेल तर हवा कमी, एकाच कडेला झिजला असेल तर बहुतेक अलाइनमेंट गेलंय. खोबणीत मधेमधे छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलीमीटर उरली, टायर बदला. आणि बाजूला चार आकडे असतात, समजा ३२२१, म्हणजे २०२१ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. नवीन टायर घेताना हे वाचूनच घ्या.

घरी करायची कामं

सुरुवात एसी फिल्टरपासून करा, ज्याने आयुष्यात पाना धरला नाही त्यालाही जमतं. माझ्या गाडीत डॅशबोर्डचा कप्पा पूर्ण रिकामा करायचा, आतून दोन्ही बाजूंना दोन प्लॅस्टिकचे स्टॉपर आहेत ते फिरवून काढायचे, की कप्पा खाली लोंबतो आणि मागे एक आडवं झाकण दिसतं. झाकणाची खिटी दाबली की फिल्टर ड्रॉवरसारखा बाहेर येतो. पहिल्यांदा काढला तेव्हा त्यात काळी धूळ, पिंपळाच्या पानांचे तुकडे, एक वाळलेलं झुरळ आणि कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या होत्या. त्याच फिल्टरमधून येणारी हवा माझी मुलगी मागच्या सीटवर बसून रोज घेत होती, आणि आदल्या वर्षीच्या बिलात एसी फिल्टर बदलल्याचे पैसे मी भरलेले होते. त्या गॅरेजात मी परत गेलो नाही. नवीन फिल्टरवर बाण असतो, हवा ज्या दिशेने जाते त्या दिशेला, जुना काढतानाच बाण कुठे होता ते बघून ठेवा किंवा फोटो काढा. दहा मिनिटं, साडेतीनशे रुपये.

एअर फिल्टर त्याहून सोपा, बॉनेटखाली काळा डबा, चार क्लिपा. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नाही. लावताना रबराची कड खोबणीत सगळीकडून बसली का आणि चारही क्लिपा लागल्या का हे बोटाने चाचपून बघा, कारण फट राहिली तर धूळ फिल्टरला वळसा घालून सरळ इंजिनात जाते. ज्यांच्याकडे कच्चा रस्ता, ऊसतोडीचा सीझन, बांधकामं असं आहे त्यांनी मॅन्युअलच्या आकड्याची वाट बघू नये, आधीच बदला.

वायपर बदलताना एकच काळजी, ब्लेड काढल्यावर नुसता लोखंडी दांडा उभा राहतो आणि तो सटकून काचेवर आपटला तर पुढची काच तडकते, म्हणून आधी काचेवर जाड टॉवेल टाका. बल्ब बदलताना हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की तिथे जास्त तापतो आणि लवकर जातो. आणि ६०/५५ वॅटच्या जागी १०० चा टाकायचा मोह नको, होल्डर वितळतो, समोरच्याच्या डोळ्यावर जातो ते वेगळंच.

फ्यूज बदलणं सोपं आहे, रंगावरून ॲम्पिअर कळतो, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच ॲम्पिअरचा टाकायचा. परत जळाला तर वायरिंगमध्ये शॉर्ट आहे, मोठा टाकून चालवणं म्हणजे आग लावून घेणं.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-निळसर फुलोरा येतो. १० नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह सुटा करायचा, मग पॉझिटिव्ह, लावताना बरोबर उलटं. कारण पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात. खायचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, वर थोडी पेट्रोलियम जेली. मल्टीमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि गाडी चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा दाखवायला हवी. चालू गाडीलाही १२ च दाखवतोय तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा भाग) तपासा, नवीन बॅटरी विकत घेऊ नका. ही एक तपासणी माझे पाच हजार वाचवून गेलीय.

ऑइल बदलणं, इथे माझं मत बदललं

२०२१ च्या दिवाळीत सुट्टी होती म्हणून मी ऑइल स्वतः बदललं. जॅकवर गाडी उचलली, खाली स्टँड लावले, चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या डब्याचा) १७ नंबरचा नट खोलला, ऑइल गाळलं, फिल्टर बदलला, सगळं व्यवस्थित. नटाचं वॉशर मात्र जुनंच लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर रुपयाएवढा डाग. मी पाना घेऊन अजून आवळला. परत डाग, परत आवळला. गळती थांबली. पुढच्या वर्षी मेकॅनिकने नट खोलला तर नटाबरोबर चेंबरचे आटे पण बाहेर आले, भुग्यासारखे, त्याने तळहातावर घेऊन दाखवले. चेंबर बदलून मजुरीसकट ३,८०० रुपये. वाचवले होते ४००.

तेव्हा त्याने मला जे सांगितलं ते अजून लक्षात आहे. "दादा, नट शेवटपर्यंत बोटाने फिरला पाहिजे. मधेच अडकला की थांबायचं, काढायचा, परत लावायचा. पाना फक्त शेवटच्या घासाला. आणि वॉशर वीस रुपयाचं येतं हो."

हिशोब करून बघा. मजुरी तीन-चारशे. घरी करायचं तर जॅक स्टँड, टब, फिल्टर पाना, खरं तर टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा), दोन तास, सोसायटीच्या पार्किंगमध्ये डाग पडला तर सेक्रेटरींचा फोन, आणि शेवटी साडेतीन लिटर जळकं ऑइल. ते गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात ओतायचं नाही, २०१६ च्या नियमांप्रमाणे तो धोकादायक कचरा धरला जातो आणि अधिकृत रिसायकलरकडेच जायला हवा. गॅरेजात त्याचा ड्रम असतो. म्हणून आता मी ऑइल आणि फिल्टर स्वतः घेतो, मॅन्युअलमधला ग्रेड बघून, डबा माझ्यासमोर फोडायला सांगतो, नवीन वॉशर हातात देतो आणि शेजारी उभा राहतो. ज्यांच्याकडे स्वतःचं अंगण आहे, टॉर्क पाना आहे, आवड आहे त्यांनी जरूर घरी करावं, आनंद मिळतो त्यात. पण पैशासाठी करू नका, पैसे तिथे वाचत नाहीत.

स्पार्क प्लगचंही तसंच. काम सोपं आहे पण इंजिनच्या वरच्या ॲल्युमिनियमच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, प्लग तिरका गेला आणि आटे गेले तर खर्च हजारांत जातो, त्यामुळे इंजिन पूर्ण थंड असताना आणि बोटाने फिरवत लावता येत असेल तरच.

ही कामं घरी नाहीच

ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, क्लच, टायमिंग. एअरबॅगच्या पिवळ्या वायरी आणि कनेक्टर दिसले की हात मागे. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी केबलला तर बोटही लावायचं नाही, त्यात जीव घेण्याइतका व्होल्टेज असतो. एसीचा गॅस. सीएनजी किट, त्याची गळती, व्हॉल्व्ह काहीही, आणि सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर ३ वर्षांनी असते ती तारीख बघून ठेवा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीसुद्धा, शिरायचं नाही. गाडीबरोबर येणारा जॅक टायर बदलण्यापुरता असतो. घरात कॉलेजला जाणारी मुलं असतील आणि त्यांना हौस असेल तर ही एक गोष्ट आधी शिकवा, बाकी नंतर.

गॅरेजला देताना

मेकॅनिक शोधायचा असेल तर मोठं काम घेऊन जाऊ नका. आधी छोटं काम द्या, हॉर्न वाजत नाही, दार करकरतंय असलं, आणि तो कसा बोलतो बघा. बघून सांगतो म्हणणारा चांगला. न बघता सगळं बदलावं लागेल म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा.

जॉब कार्डवर, म्हणजे गॅरेजवाला कामं लिहितो त्या कागदावर, तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, "आवाज येतो" असं नाही तर "४० च्या स्पीडला खड्ड्यात पुढून डावीकडून खडखड येते" असं. वर किलोमीटर लिहून घ्या. फोनवर विचारल्याशिवाय जादा काम नाही आणि जुने पार्ट डिकीत ठेवून द्या, हे दोन्ही आधीच सांगा. बदलायला सांगितलेल्या फिल्टरवर मी घरून मार्करने छोटी खूण करून पाठवतो. कुणावर अविश्वास म्हणून नाही, पण एकदा उंदराच्या लेंड्या बघितल्यावर एवढं करावंसं वाटतं.

चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर हजारभर रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणारं यंत्र) लावून कोड वाचून जा. पी०३०१ आला म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न पेटणं), तिथे प्लग किंवा कॉइल आधी बघितले जातील. पण कोड म्हणजे निदान नाही, पी०४२० आला म्हणून लगेच महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) बदलायला हो म्हणू नका, आधी सेन्सर आणि सायलेन्सरची गळती तपासायला सांगा.

पार्ट स्वतः आणायचे असतील तर पुण्यात नाना पेठ आहेच, दुकानदाराला गाडीचा चॅसिस नंबर द्या म्हणजे नेमका पार्ट मिळतो, आणि पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवर जीएसटी सरसकट १८ टक्के झालाय, आधी बऱ्याच पार्टना २८ होता, तर बिलात जुनाच दर लावलेला नाही ना बघा. मेकॅनिकला आधी विचारा मात्र, काहीजण बाहेरचा पार्ट लावला तर गॅरंटी देत नाहीत आणि त्यांचंही बरोबर असतं.

पावसाआधी

सगळ्यात महत्त्वाचा रविवार मे महिन्यातला शेवटचा. वायपर तेव्हाच बदला, जूनमध्ये दुकानात गर्दी होते. बॉनेट उघडून काचेच्या खालच्या जाळीत साठलेली पानं हाताने काढा, तिथली पाणी जायची भोकं बुजली की पाणी गाडीत पायाशी येतं आणि कार्पेट भिजून कुबट वास येतो तो दोन महिने जात नाही. ब्रेक गॅरेजात दाखवून घ्या, घाटात जाणार असाल तर नक्कीच. आणि उंदीर. पावसात ते कोरड्या उबदार जागेला येतात म्हणजे तुमच्या इंजिनवर. आमच्याकडे तंबाखूची पानं जाळीच्या पिशवीत बांधून ठेवतात, डांबराच्या गोळ्या ठेवतात, पण वास उडाला की उपयोग संपतो, म्हणून आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून टॉर्च मारणं हेच मला खात्रीचं वाटतं. कुरतडलेली वायर दिसली तर टेप गुंडाळून चालवू नका, ते काम वायरमनचं.

माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक चाळीस पानी वही आहे. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कोणी बदललं, किती रुपये. मागच्या महिन्यात नवा मेकॅनिक गाडी बघत होता, म्हणाला कूलंट कधी बदललं होतं, मी वही उघडून तारीख वाचून दाखवली, त्याने मान हलवली आणि पुढच्या कामाला लागला.